डॅशबोर्डवरची एकविरा

मानपाडा, डोंबिवली पूर्व
४ ऑक्टोबर २०२५

प्रिय अक्षू,

पत्र बघून हसू नकोस. फोनवर मी "तुझे बाबा" म्हटलं की तू फोन ठेवतेस, "गाडी" म्हटलं तरी ठेवतेस. आपल्या घरात सध्या या दोन गोष्टींशिवाय तिसरं काही घडतच नाही, मग मी बोलू काय, कोथिंबिरीचा भाव? पत्र कट करता येत नाही. फार तर फाडशील, पण आधी वाचशील, मी तुला ओळखते. इथून तुझ्या माजिवड्याला माणूस तासाभरात पोचतो, पत्राला चार-पाच दिवस लागतील असं पोस्टातली मुलगी म्हणाली. लागू देत. तेवढ्यात तुझा राग थोडा उतरेल.

परवा दसरा झाला. तुझ्या बाबांनी गाडी अशी सजवली की नवरीला कुणी एवढं सजवत नाही. झेंडूचे हार, आरशाला आंब्याची पानं, चाकांखाली लिंबं. आणि डॅशबोर्डवर डाव्या बाजूला, जिथे बोट ठेवून तू ओरडली होतीस बरोबर तिथे, आपली एकविरा आई. पितळेची, वीतभर उंच, मागे प्रभावळ. सणाची म्हणून तिला नवी हिरवी साडी नेसवली. साडी मीच शिवली, खोटं कशाला बोलू.

तुझं म्हणणं मला पटलेलं आहे, हे आधीच सांगते. पण तुझी वेळ चुकली गं. गणपतीत तू गोड बातमी दिलीस, बाबा नाचायचेच काय ते बाकी होते. "सातवे महिन्यान पोरीला मी आनीन, माजे गारीन, फुडचे सीटवर बसवून," असं त्यांनी अख्ख्या आळीला ऐकवलं. आणि तू बाई, हातातला मोदक खाली ठेवून गाडीत डोकावलीस आणि म्हणालीस, "बाबा, ही मूर्ती एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलीय. ही काढा, नाहीतर मी या गाडीत बसणार नाही." सगळ्या पाहुण्यांसमोर! तिथून पुढे "आईला उठवाची? माजे गारीतून? तूच बसू नको मंग!" आणि "नाहीच बसणार!" आणि धाडकन दार. तुमच्या दोघांचं नाक एकाच साच्यातलं आहे, आणि दोघांनाही ते खाली करता येत नाही.

मधल्या मधे माझं काय? पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे मी तुझ्या लग्नातच ठरवून टाकलं होतं. मला तू इथे हवीस. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, बाळाला पायांवर घेऊन माझ्या हातची अंघोळ. तू म्हणतेस टॅक्सीने येईन. हे म्हणतात, दारात गाडी असताना पोरगी भाड्याच्या गाडीने आली तर मी घरात थांबणार नाही, शेतावर जाऊन बसेन. शेत विकून तिथे बिल्डिंगा झाल्या, हे ते रागात विसरतात. मग तू म्हणालीस, राहू दे, मी सासरीच राहते. अक्षू, ते वाक्य पुन्हा म्हणू नकोस. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

बाकी ठीक. बाबा सीटबेल्ट आधीच खटक्यात अडकवून ठेवतात आणि त्याच्यापुढे बसतात, म्हणजे गाडी टूं टूं करत नाही. गाडीला फसवल्याचा त्यांना फार आनंद आहे. मी रोज दुपारी भजनाला जाते. नयन येते न्यायला. हो, बायकांना गाडी शिकवते तीच नयन. भजनाला येते बिचारी.

तुझी आई

•

२७ ऑक्टोबर २०२५

प्रिय अक्षू,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चित्रच! मी आयुष्यभर बालवाडीत पोरांकडून चित्रं काढून घेतली, पण गाडीच्या पोटातलं चित्र पहिल्यांदा बघितलं. आधी तुझं काम मला कुणी विचारलं तर मी सांगायचे, "ती ऐरोलीला ऑफिसात कॉम्प्युटरवर गाड्या आपटते," आणि लोकांना वाटायचं पोरगी दिवसभर गेम खेळते. आता मी नीट सांगू शकते.

मला समजलं ते लिहिते, चुकलं तर लाल पेनाने दुरुस्त कर. गाडीच्या नाकाशी सेन्सर असतो. धडक बसली की तो ती किती जोराची आहे हे मधल्या छोट्या डबीला कळवतो. डबी ठरवते, ही खड्ड्यातली उडी की खरी धडक. खरी असेल तर ठिणगी पडते, एक औषध फटाक्यासारखं पेटतं, त्याचा गॅस होतो, आणि घडी करून ठेवलेली नायलॉनची पिशवी झाकण फाडून बाहेर येते. हे सगळं पापणी लवायच्या आत. आणि लगेच मागच्या भोकांतून गॅस सुटायला लागतो, म्हणून माणसाचं तोंड गच्च फुग्यावर न आपटता उशीवर पडल्यासारखं पडतं. बेल्टचं काम माणसाला जागेवर धरायचं. माणूस पुढे फेकला गेला आणि फुगत्या पिशवीला मधेच भेटला, तर तीच पिशवी घोड्यासारखी लाथ मारते. बरोबर ना?

तू चित्रात झाकणावर देवी काढलीस आणि तिथून बाण थेट समोरच्या बाईच्या तोंडापर्यंत नेलास. त्या बाईला पोटही मोठं काढलंस.

चित्र मी फ्रिजवर लावलं. बाबा त्याच्याकडे बघत नाहीत. मात्र हल्ली त्यांना दिवसातून दहा वेळा थंड पाणी लागतं.

एकदा नाश्त्याला मी विषय काढलाच. ते म्हणाले, "आई बसलीय ना फुडं? ती वाचवील." मी म्हटलं, "वाचवेल हो. पण म्हणून तिलाच तोफेच्या तोंडावर बसवायची?" तांदळाची भाकरी हातात तशीच राहिली. मग म्हणाले, "आपन नाय ठरवाचा. तिलाच इचारू."

झालं, भाऊबीजेनंतर गावदेवीच्या देवळात कौल लावला. उत्तम पुजाऱ्याने देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याने फुलं चिकटवली. उजवं पडलं तर मूर्ती हलवायची, डावं पडलं तर तिथेच ठेवायची. आम्ही बसलो. आळीतल्या आणखी आठ-दहा बायका बसल्या, कारण घरी कुणालाच काम नव्हतं. अक्षू, एकही फूल पडेना! पंखा बंद केला, पुन्हा लावला. उत्तम गाऱ्हाणं घालून घालून घसा बसवून बसला. संध्याकाळच्या आरतीपर्यंत दोन्ही फुलं जागच्या जागी. मी मनात म्हटलं, आई शहाणी आहे, बाप-लेकीच्या भांडणात ती पडत नाही. बाबा मात्र परत येताना म्हणाले, "बगलास? नाय बोलली." मी म्हटलं, "'हो' तरी कुठे बोलली?"

भजन छान चाललंय. काल शीळफाट्याच्या चौकात फार गर्दी होती. म्हणजे भजनाला.

आमच्या जावयांना, सूरजना सांग, फराळाचा डबा परत पाठवू नका, लाडू संपवा.

तुझी आई

•

२२ नोव्हेंबर २०२५

प्रिय अक्षू,

विशेष काही नाही. थोडक्यात लिहिते, मनगट जरा दुखतंय.

थंडी पडली आहे. माझं नाक लाल झालंय, ते थंडीनेच. फोटो पाठव म्हणून मागे लागू नकोस. गाडी गॅरेजला दिली आहे, सर्व्हिसिंग. घरासमोरच्या खळ्यातल्या भिंतीलाही जरा डागडुजी करायची होती, तीही काढलीच हातासरशी. तुझी तपासणी कशी झाली? पाय सुजतात का? मीठ कमी खा.

बाबा दोन दिवस काही बोलले नाहीत. आता बोलायला लागले आहेत, आणि एवढं बोलतात की त्यांना गप्प कसं करायचं ते कळत नाही.

नयनच्या स्टेटसवर काही दिसलं तर लक्ष देऊ नकोस. तिला सवय आहे.

आई

•

३० नोव्हेंबर २०२५

प्रिय अक्षू,

काल नयनचं स्टेटस बघून तू फोनवर अशी ओरडलीस की शेजारच्या रखमाबाईंनी विचारलं, टीव्हीवर काय लागलंय? मला मात्र बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तू "बाबा" हा शब्द तोंडातून काढलास. "बाबा कुठे होते?" असं विचारलंस. आता सगळं सांगते. फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलू दिलं नाहीस.

भजन वगैरे काही नव्हतं, हे तुला कळलंच असेल. मी गाडी शिकत होते. तुम्ही दोघं हट्टाला पेटलात. मी म्हटलं, ठीक आहे, गाडी बाबांचीच असेल, पण ती मी चालवीन. पुढे डावीकडे कुणी बसणारच नाही आणि लेक मागे बसून माहेरी येईल. साधा हिशोब होता. नयनच्या गाडीवर मी चांगली तयार झाले. ती म्हणते, ताई, तुम्ही हॉर्न फार वाजवता, बाकी उत्तम.

त्या दिवशी सकाळी बाबा दाढी करत होते. मी मनात म्हटलं, आपली गाडी खळ्यातून गेटपर्यंत आणून बघू. आपलं खळं आता केवढं मोठं आणि सिमेंटचं झालंय, हळदीचे मांडव पडतात एवढं. मी सीटवर बसले. बाबांनी पाठीमागे अडकवून ठेवलेला बेल्ट मी काढला आणि नीट लावला, वर खांद्यावरून, खाली कमरेवरून. सीट मागे सरकवली, स्टिअरिंग आणि छातीमध्ये हातभर अंतर ठेवलं. तुझ्या चित्रात होतं तसंच. मग निघाले. नयनची गाडी छोटी, ही आपली हत्तीण, आणि त्यात क्लच नाही. भिंत जवळ आली म्हणून ब्रेक दाबला. तो ब्रेक नव्हता.

पुढचं मला दिसलंच नाही, अक्षू. कानाजवळ सुतळी बॉम्ब फुटला. बेल्टने मला मागे आवळून धरलं, जसं तू लहानपणी रस्त्यात धावलीस की मी फ्रॉकला धरायचे तसं. नाकावर काहीतरी गरम पांढरं आलं आणि मला कळेपर्यंत ते मऊ पडून मांडीवर लोंबत होतं. सगळीकडे पीठ उडाल्यासारखी भुकटी आणि दिवाळीचा वास. मला वाटलं गाडी पेटली. मग आठवलं, पिशवीची घडी सुटावी म्हणून भुकटी घालतात आणि वास त्या औषधाचा. मी मोठ्याने म्हटलंही, "घाबरू नको कले, हे असंच असतं." स्वतःलाच.

बाबा धावत आले. अर्ध्या गालाला साबण, कमरेला टॉवेल. "कले! कले!" लग्नानंतर पहिल्या वर्षी मला अशी हाक मारायचे, नंतर मी "अगं" झाले आणि तू आल्यावर "अक्षूची आई". दार उघडून त्यांनी माझे हात, पाय, तोंड चाचपलं. मी म्हटलं, "काही नाही झालं हो, मनगट खरचटलंय." तर हा माणूस सिमेंटवर बसून रडायला लागला. साबण डोळ्यांत गेला असं आता सांगतात.

मग त्यांनी वर बघितलं. डॅशबोर्डवर आई नव्हती.

डावीकडचीही पिशवी उघडली होती. झाकण फाटून वर आलं होतं आणि मूर्तीची जागा रिकामी. बाबा दुसऱ्या बाजूला गेले, खाली शोधलं, सीटखाली शोधलं. ती मागच्या सीटवर होती. उशीला टेकून बसल्यासारखी. साडी सुटलेली, प्रभावळ वाकलेली, बाकी ओरखडा नाही. बाबांनी हात जोडले. मला वाटलं आता म्हणतील, बघ, आईने वाचवलं. पण त्यांची नजर पुढच्या डाव्या सीटवर अडकली होती. तिथे डोकं टेकायची उशी असते ना, तिचं मखमली कव्हर मधोमध फाटून आतला स्पंज निघाला होता. जाताना मूर्ती तिथे लागून गेली होती. बाबांनी त्या भोकात बोट घातलं. पूर्ण बोट गेलं.

"हितं पोरीचा तोंड आला असता, कले," एवढंच म्हणाले.

मग दोन दिवस जेवले नाहीतच म्हण. फ्रिजवरचं चित्र काढून खिशात घेऊन फिरत होते. तिसऱ्या दिवशी देवघरासमोर बसून म्हणाले, "आईन कौल दिला. सोता उठून मागं जावून बसली, तवा मना समाजला." आणि उत्तम पुजाऱ्याला फोन करून तेच सांगितलं, मग आळीत सांगितलं, मग दूधवाल्याला. आता सगळ्या मानपाड्याला माहीत आहे की धाकूशेठच्या देवीने पुढची सीट सोडली. लोक गाड्यांमधून आपापल्या देवांना उतरवून घरी नेताहेत. कुणी गणपती, कुणी साई. तू ऑफिसात बसून जे पोचवू शकली नाहीस ते आमच्या अपघाताने आठवड्यात पोचवलं. रागावू नकोस, थोडं हस.

गाडीला वेळ लागेल. एकदा उघडलेल्या पिशव्या पुन्हा घडी घालून ठेवता येत नाहीत, नव्या बसवाव्या लागतात. डबी नवी, बेल्टही नवे. गॅरेजवाल्याने विचारलं, सीटकव्हर तीच मखमली घालू का? बाबा त्याच्यावर खेकसले, "सीटच्या बाजूलाही बॅग असते, ती कव्हर फारून कशी येईल? तुला कं कलतं?" मी तोंड दुसरीकडे वळवून हसले.

तुला फोन करा म्हटलं, तर म्हणतात, "काय बोलू?" आणि गच्चीवर जातात. थोडा वेळ दे त्यांना. मोठ्या हत्तीला वळायला जागा लागते.

तुझी आई

•

११ जानेवारी २०२६

प्रिय अक्षू,

पास झाले! कल्याण आरटीओत माझ्यापुढे तीन कॉलेजची पोरं नापास झाली आणि मी पास. साहेब म्हणाले, "काकू, हॉर्न कमी वाजवा." नयनने पेढे वाटले. बाबांनी माझ्या लायसन्सचा फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "आमचे घरातला नवीन ड्रायवर." त्यात एकही शब्द टोमणा नव्हता. मला एवढा आनंद झाला की मी संध्याकाळी त्यांना वाटण घालून जिताडा मासा करून वाढला.

गाडी आली. आई आता देवघरात आहे, मोठ्या पाटावर, प्रभावळ सोनाराकडून सरळ करून घेतली. डॅशबोर्ड मोकळा. निघताना बाबा घरात तिच्या पाया पडतात आणि मग गाडीत बसून बेल्ट लावतात. पुढून. गाडी टूं टूं करायच्या आत.

आम्ही शुक्रवारी येतो. बुधवारी संक्रांत, गुरुवारी कर, त्या दिवशी निघायचं नाही, म्हणून शुक्रवार. शीळफाट्यावरून कळव्यामार्गे येऊ, सकाळी लवकर निघालो तर गर्दी नसेल. गाडी मी चालवणार. तू मागे बस किंवा पुढे बस, जिथे तुला बरं वाटेल तिथे. बाबा उरलेल्या जागी बसतील. त्यांनी स्वतःहून हे कबूल केलंय. सूरजना म्हणावं, बॅगा भरून ठेवा, आणि लेकीला माहेरी धाडताना तोंड पाडू नका, रविवारी जेवायला या.

अजून एक गोष्ट राहिली. ती लिहू की नको अशा विचारात होते, पण लिहितेच.

परवा रात्री जेवताना बाबा म्हणाले, "सातवे महिन्यान पट्टा पोटावरून घेवाचा का पोटाखालून?" मी म्हटलं, "मला काय माहीत? ज्या पोरीला माहीत आहे तिला विचारा, फोन समोर पडलाय." त्यांनी फोन उचलला, तुझं नाव काढलं, बराच वेळ बघत बसले आणि पुन्हा उपडा ठेवला. मला वाईट वाटलं.

काल सकाळी मी अंगणात तुळशीला पाणी घालत होते तर गाडीचं दार उघडं. आत बाबा, पुढच्या डाव्या सीटवर. सदऱ्याच्या आत उशी कोंबलेली, वरून गमछ्याने घट्ट बांधलेली, एवढं मोठं पोट. मांडीवर तुझं चित्र, चुरगळलेलं. बेल्ट उशीच्या वरून घेत होते, मान हलवत होते, सोडत होते. मग उशी हाताने उचलून खालचा पट्टा तिच्याखालून घेतला, पार मांडीच्या सांध्यावर. वरचा पट्टा छातीच्या मधून, पोटाला न लागू देता. मग पाय ताणून सीट मागे सरकवली. दोनदा स्वतःला पुढे झोकून बघितलं. उशी दबली नाही. पुन्हा एकदा झोकलं, आणि पुन्हा उशीवर हात फिरवला, अगदी हळू, जसं आत कुणी झोपलंय.

तेवढ्यात रखमाबाई दूध घेऊन आल्या आणि गाडीच्या उघड्या दाराला हात लावून थबकल्या.

"काय रं धाकू, ह्या काय झाला तुला?"

बाबांनी पट्टा न सोडता मान वळवली आणि अगदी गंभीरपणे सांगितलं, "सातवा लागलाय, रखमाबाय. दार हलूच लाव."

तुझी,
आई